खाणीशेजारच्या गावांचे पाणी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वणी, भद्रावती, राजुरा, उमरेड, सावनेर या पट्ट्यांतून पाण्याबद्दल जे प्रश्न सारखे येतात, ते इथे एकत्र केले आहेत. बहुतेक प्रश्न कोळशाच्या उघड्या खाणींजवळून येतात, म्हणून उत्तरांचा रोखही तिकडेच आहे. मँगनीज, लोहखनिज आणि चुनखडीसाठी प्रश्न 19 पाहा. पहिल्यांदा वाचत असाल तर पहिले सात प्रश्न क्रमाने वाचा. नाल्याला आत्ताच काळे पाणी आले असेल तर थेट प्रश्न 15 वर जा.

1. खदान आमच्या गावापासून तीन किलोमीटरवर आहे. एवढ्या लांबून आमच्या पाण्याला काय होणार?

होऊ शकते, आणि तेही दोन वाटांनी. पहिली वाट जमिनीवरची. सम्पमधून, म्हणजे खाणीच्या तळाशी पाणी साचवायच्या खड्ड्यातून, उपसलेले पाणी, ओबीच्या (कोळशावरून काढून टाकलेल्या माती-दगडांच्या) ढिगाऱ्यावरून पावसात वाहून येणारी माती, कोळसा सायडिंगवरची (कोळसा रेल्वेत भरायच्या जागेवरची) भुकटी हे सगळे नाल्यात उतरते आणि नाला गावाकडे येतो. दुसरी वाट जमिनीखालची. उघडी खाण आपल्या विहिरींपेक्षा कितीतरी खोल असते. काम चालू राहावे म्हणून तिथले पाणी रात्रंदिवस उपसले जाते आणि आजूबाजूच्या खडकातले पाणी त्या खड्ड्याकडे ओढले जाते.

ही ओढ किती लांब पोहोचेल, ते किलोमीटरपेक्षा खडकावर ठरते. वणी, माजरी, बल्लारपूर पट्ट्यात कोळशाच्या बराकर थरांवर बऱ्याच ठिकाणी कामठी वालुकाश्म आहे. तो सच्छिद्र, पाणी धरणारा खडक असल्यामुळे त्यात ओढ दूरवर जाते. काळ्या पाषाणात पाणी भेगांतून चालते, म्हणून शेजारच्या दोन विहिरींपैकी एक आटते आणि दुसरीला काहीच होत नाही. पर्यावरणीय मंजुरीच्या अभ्यासात खाणीभोवतीचा 10 किलोमीटरचा परिसर धरतात. तुमचे गाव त्या वर्तुळात आहे.

2. नमुने कुठून घ्यायचे?

नाल्यावर किमान तीन जागा हव्यात: खाणीचे पाणी मिळते त्याच्या वर, प्रत्यक्ष मिळते तिथे, आणि खाली जिथे दोन्ही पाणी नीट मिसळलेले असते तिथे. वरची जागा लोक हमखास सोडतात, कारण तिथले पाणी स्वच्छ दिसते आणि कशाला खर्च करायचा असे वाटते. पण वरचा आकडा नसेल तर खालच्या आकड्याने काहीच ठरत नाही. ‘हे पाणी वरूनच असे येते’ एवढे एक वाक्य तुमचा सगळा खर्च वाया घालवते.

भूजलासाठी खाणीपासून वाढत्या अंतरावरच्या तीन-चार विहिरी निवडा आणि एक अशी, जी खाणीच्या विरुद्ध दिशेला, शक्यतो नाल्याच्याही पलीकडे आहे. उघडी विहीर आणि बोअर दोन्ही घ्या. त्यांचे पाणी वेगवेगळ्या थरांतले असते आणि दोघींची कहाणी एकच असेल असे नाही. गावाच्या पिण्याचा स्रोत, मग तो हातपंप असो की नळयोजनेची विहीर, या यादीत असलाच पाहिजे.

एकदा ठरवलेली जागा बदलू नका. पुलाचा खांब, बाभळीचे झाड, गट नंबर अशी खूण वहीत लिहा आणि मोबाइलवरून अक्षांश-रेखांश नोंदवा.

3. वर्षातून किती वेळा तपासायचे?

पाण्याची पातळी वर्षातून चारदा: मे, ऑगस्ट, नोव्हेंबर आणि जानेवारी. हे महिने मुद्दाम सांगतो आहे. कोळसा खाणींच्या पर्यावरणीय मंजुरीत भूजल पातळीसाठी साधारणपणे हेच चार महिने घातलेले असतात. त्याच महिन्यांत मोजले की कंपनीचा आकडा आणि गावाचा आकडा शेजारी शेजारी ठेवता येतो.

गुणवत्तेची पूर्ण तपासणी मे आणि नोव्हेंबरमध्ये करा. मेमध्ये पाणी कमी, म्हणून क्षार सर्वात दाट. नोव्हेंबरमध्ये पावसाने भूजल भरलेले असते. यात नाल्यासाठी एक नमुना वाढवा: मृगाचा पहिला जोरदार पाऊस पडून नाला वाहायला लागला की पहिल्या काही तासांत. आठ महिने ढिगाऱ्यांवर आणि सायडिंगवर साचलेले त्या पाण्यात येते. ऑगस्टमध्ये घेतलेल्या नमुन्यात ते दिसत नाही.

4. विहिरीची पातळी कशी मोजायची? टेप सोडला की झाले ना?

टेप आणि वजन पुरेसे आहे, पण तीन गोष्टी पाळा. कठड्यावर एका जागी रंगाने खूण करा आणि दर वेळी तिथूनच मोजा. कठड्याची जमिनीपासूनची उंची वजा करा. आणि मोटार किमान 12 तास बंद असू द्या. आपल्याकडे कृषिपंपांची वीज बऱ्याचदा रात्री असते, म्हणजे पहाटे विहीर सर्वात खाली गेलेली असते. अशा वेळी मोजले तर उपशाने खाली गेलेली पातळी मिळते, खडकातली नाही. मोजायच्या आदल्या रात्री मोटार लावू नका असे मालकाला आधीच सांगून ठेवा.

वहीतली नोंद अशी असावी:

‘खालच्या धुऱ्याची विहीर. 18 मे, सकाळी 6. मोटार काल दुपारपासून बंद. खुणेपासून पाणी 9.40 मी. कठडा 0.75 मी. जमिनीपासून पाणी 8.65 मी. शेजारच्या बोअरची मोटार चालू होती.’

शेवटचे वाक्य बिनकामाचे वाटते, पण दोन वर्षांनी कोणी त्या आकड्यावर बोट ठेवले तर उत्तर तिथेच असते.

5. नमुना पाण्याच्या रिकाम्या बाटलीत घेतला तर चालतो का?

क्षार, जडपणा, सल्फेट, फ्लोराइड यांच्यासाठी स्वच्छ प्लॅस्टिकची बाटली चालते. त्याच पाण्याने तीनदा विसळा, हवा न ठेवता काठोकाठ भरा, झाकण घट्ट लावा. शीतपेयाची बाटली मात्र नको. जड धातूंसाठी बाटली प्रयोगशाळेकडूनच आणा, कारण धातू बाटलीच्या भिंतीला चिकटू नयेत म्हणून त्या नमुन्यात नायट्रिक आम्ल घालावे लागते. ते घरी हाताळू नका. जंतूंच्या तपासणीसाठी निर्जंतुक बाटली लागते. ती विसळायची नाही, थोडी रिकामी ठेवायची आणि बर्फात घालून त्याच दिवशी पोहोचवायची.

हातपंप असेल तर आधी पाच मिनिटे हापसा, मग भरा. पाइपात रात्रभर उभे राहिलेले पाणी लोखंड दाखवते, भूजल नाही. खाणीच्या निरीक्षण बोअरमधून कोणी नमुना घेत असेल तर आधी आतले साचलेले पाणी साधारण तीन वेळा बदलेल इतके उपसतात की नाही, ते उभे राहून पाहा. नाल्यात प्रवाहाच्या मध्यावर, बाटलीचे तोंड पाणी येते त्या दिशेला करून, पृष्ठभागाच्या थोडे खाली बाटली भरा. तळाचा गाळ ढवळू देऊ नका.

पीएच (पाणी किती आम्ल ते सांगणारा आकडा) आणि तापमान जागेवरच मोजा. बाटलीत ते बदलत जाते.

6. प्रयोगशाळेत नेमके काय तपासायला सांगायचे?

नुसते ‘पाणी तपासून द्या’ म्हटले तर पिण्यायोग्यतेच्या ठरावीक चाचण्या होतात आणि खाणीचा माग ज्यातून लागतो तेच राहून जाते. कोळसा खाणीजवळ पीएच, विद्युतवाहकता, टीडीएस (विरघळलेले एकूण क्षार), एकूण जडपणा, कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम, क्लोराइड, सल्फेट, अल्कलिनिटी, नायट्रेट, फ्लोराइड, लोह, मँगनीज एवढे लिहून द्या. नाल्याच्या नमुन्यासाठी यात तरंगता गाळ, सीओडी (पाण्यातली घाण कुजवायला लागणाऱ्या ऑक्सिजनचे माप) आणि तेल-ग्रीस वाढवा. आर्सेनिक, शिसे, निकेल वगैरे धातू वर्षातून एकदा, मेमध्ये.

यात सल्फेट विसरू नका. कोळशाबरोबर येणाऱ्या पायराइटला, म्हणजे लोह-गंधकाच्या खनिजाला, हवा-पाणी लागले की त्याचे सल्फेट होते. ते पाण्याबरोबर सहज चालते, मातीत फारसे अडकत नाही. जल जीवन मिशनमध्ये गावातल्या पाच महिलांना ज्या किटचे प्रशिक्षण दिले आहे, त्या किटमध्ये फ्लोराइड, नायट्रेट, लोह, क्लोराइड, जडपणा पाहता येतो. बहुतेक किटमध्ये सल्फेट मात्र नसते. म्हणून किटवर ‘सगळे ठीक’ आले तरी खाणीचा प्रश्न सुटलेला नसतो.

जिल्हा आणि उपविभागीय स्तरावर भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळा आहेत. धातूंसाठी किंवा वादाचा विषय असेल तर एनएबीएल, म्हणजे प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाची, मान्यता असलेली प्रयोगशाळा निवडा. मान्यता प्रयोगशाळेच्या नावाला नसते, प्रत्येक चाचणीला असते, म्हणून तुमची चाचणी त्या यादीत आहे का ते विचारा.

7. अहवाल आला. नुसते आकडेच आकडे आहेत. वाचायचा कसा?

पिण्याच्या पाण्याचे भारतीय मानक आयएस 10500, 2012 चे. त्यात बऱ्याच घटकांना दोन मर्यादा आहेत: स्वीकारार्ह, आणि दुसरा स्रोतच नसेल तर चालवून घ्यायची कमाल. मिलिग्रॅम प्रति लिटरमध्ये टीडीएस 500 आणि 2000, जडपणा 200 आणि 600, सल्फेट 200 आणि 400, क्लोराइड 250 आणि 1000, फ्लोराइड 1.0 आणि 1.5, मँगनीज 0.1 आणि 0.3. नायट्रेट 45, त्यात सवलत नाही. पीएच 6.5 ते 8.5, यातही नाही.

पण मर्यादा हे अर्धेच वाचन झाले. माझ्या मते खाणीशेजारी मर्यादेपेक्षा बदल जास्त बोलतो. विहिरीचे सल्फेट 40 वरून तीन वर्षांत 160 झाले तर अहवालावर ते ‘मर्यादेत’ म्हणून येईल, कोणी लाल रेघ मारणार नाही, आणि तरीही ती सगळ्यात मोठी बातमी असेल. म्हणून मागचे आणि आताचे आकडे एकाच पानावर, एकाखाली एक लिहा.

नायट्रेटच्या बाबतीत एकक पाहा. काही प्रयोगशाळा ‘नायट्रेट’ देतात, काही ‘नायट्रेट-नायट्रोजन’. दुसऱ्याला साधारण 4.43 ने गुणले की पहिला येतो. नायट्रोजन म्हणून लिहिलेले 10 म्हणजे नायट्रेट जवळजवळ 44, ऐन उंबरठ्यावर.

8. बाजारातला टीडीएस मीटर घेतला तर प्रयोगशाळेचा खर्च वाचेल का?

वाचणार नाही, पण तो घ्याच. हा मीटर खरे तर वाहकता मोजतो आणि ठरावीक गुणकाने टीडीएस दाखवतो. कोणता क्षार आहे ते त्याला कळत नाही. जंतू, फ्लोराइड, धातू त्याला दिसत नाहीत. आकडा 300 आला म्हणजे पाणी चांगले, असे कोणी म्हणत असेल तर ऐकू नका.

त्याचा खरा उपयोग वारंवार मोजण्यासाठी आहे. दर आठवड्याला त्याच नाल्यावर, त्याच तीन जागी बुडवा. एरवी 500 च्या आसपास असणारा आकडा एका सकाळी 1100 झाला तर त्याच दिवशी बाटली भरायची, एवढे तो सांगतो. दोन-तीन महिन्यांतून एकदा प्रमाण द्रावणात तपासून घ्या.

9. खदान सुरू झाल्यापासून आमची विहीर होळीपर्यंतच पुरते. खदानीमुळेच ना?

शक्यता मोठी असू शकते, पण दावा करायच्या आधी तीन गोष्टी पारखा, कारण समोरून हेच तीन प्रश्न येतात.

पाऊस किती झाला? महसूल मंडळाच्या पर्जन्यमापकाचे आकडे तहसीलमध्ये मिळतात. शिवारात नवीन बोअर किती झाले, ओलित किती वाढले? आणि खाणीपासून लांबच्या विहिरींचे काय झाले? भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या निरीक्षण विहिरी वर्षानुवर्षे मोजल्या जातात. तुमच्या पाणलोटातल्या, पण खाणीपासून दूर असलेल्या विहिरीचे आकडे मागा.

सगळ्यात बोलका आकडा नोव्हेंबरचा असतो. उन्हाळ्यात विहीर सगळ्यांचीच खाली जाते. पाऊस चांगला होऊनही खाणीजवळच्या विहिरी नोव्हेंबरात पूर्वीच्या पातळीला येत नाहीत, लांबच्या येतात, आणि मधल्या मधेच राहतात, असा उतार सलग दिसला तर उपशाकडे बोट दाखवायला भक्कम जागा आहे. यासाठी प्रश्न 2 मधल्या वाढत्या अंतराच्या विहिरी लागतात.

भूमिगत खाण असेल तर आणखी एक गोष्ट पाहा: वरची जमीन खचून भेगा पडल्या आहेत का, आणि नाल्याचे पाणी एखाद्या टप्प्यात अचानक गडप होते का.

10. नाल्याच्या दगडांवर पिवळा-तांबडा थर बसला आहे. हे आम्ल पाणी आहे का?

तो थर लोहाचा. विरघळलेले लोह हवेत आले की गंजाच्या रंगाचा साका होतो. आम्ल खाणपाण्यात तो हमखास दिसतो, पण लोह जास्त असलेल्या साध्या झऱ्यातही दिसतो. फरक पीएच आणि सल्फेटने कळतो. पीएच 5 च्या खाली आणि सल्फेट काही शेकड्यांत असेल तर आम्ल पाणी. पीएच 7 च्या आसपास आणि सल्फेट कमी असेल तर साधे लोह.

गोंडवन कोळशात गंधक सहसा एक टक्क्याहून कमी असते, त्यामुळे आपल्याकडचे बरेच खाणपाणी आम्ल नसते. पण सगळीकडे तसे गृहीत धरू नका. आणि पीएच ठीक आहे म्हणून पाणी निर्धोक, असेही नाही. आजूबाजूच्या खडकातल्या चुन्याने आम्ल मरते, सल्फेट आणि जडपणा मात्र पाण्यात राहतो. अशा पाण्यात तुरीची डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, ही तक्रार गावातल्या बाया प्रयोगशाळेच्या कितीतरी आधी सांगतात. ती वहीत तारखेसह लिहून घ्या.

11. फ्लोराइड 2.8 आले. कंपनीवर तक्रार करायची का?

फ्लोराइडवरून लगेच नको. यवतमाळच्या पांढरकवडा भागात आणि चंद्रपूर जिल्ह्यात अनेक ठिकाणी भूजलात फ्लोराइड खडकातूनच येते, खाण असो वा नसो. खोल बोअरमध्ये ते उघड्या विहिरीपेक्षा जास्त सापडते. उथळ विहिरी आटल्यामुळे गाव खोल बोअरवर गेले आणि मग फ्लोराइड आले, असे असेल तर संबंध आहे. पण तो पातळीच्या नोंदींतून दाखवावा लागतो, फ्लोराइडच्या आकड्यातून नाही.

तक्रारीचे पुढे पाहू. तो बोअर पिण्यासाठी आधी बंद करा. लहान मुले आणि गरोदर बायांना ते पाणी एक दिवसही नको.

12. आणि नायट्रेट? ब्लास्टिंगमुळे येते म्हणतात.

येऊ शकते. खाणीतल्या स्फोटकांत अमोनियम नायट्रेट असते आणि न जळलेला भाग सम्पच्या पाण्यात उतरतो. पण गावठाणातल्या विहिरीत नायट्रेटचे नेहमीचे कारण उकिरडा, गोठा, शोषखड्डा आणि युरिया. नायट्रेटबरोबर क्लोराइड आणि जंतूही वाढलेले असतील तर आधी विहिरीच्या भोवती पाहा. खाणीकडचा संशय असेल तर सम्पच्या विसर्गाचा आणि विहिरीचा नमुना एकाच दिवशी घ्या.

13. कंपनी म्हणते आमचे सगळे अहवाल मर्यादेत आहेत. मग पाणी खराब कसे?

दोन्ही खरे असू शकते. ‘मर्यादा’ कोणती, ते विचारा. कोळसा खाणीतून बाहेर सोडायच्या पाण्याची मानके 25 सप्टेंबर 2000 च्या अधिसूचनेने ठरली: पीएच 5.5 ते 9.0, तरंगता गाळ 100, सीओडी 250, तेल-ग्रीस 10 मिलिग्रॅम. ही विसर्गाची मानके आहेत, पिण्याची नाहीत. दर पंधरवड्याला तपासायच्या ज्या चार गोष्टी आहेत त्यांत सल्फेट नाही, जडपणा नाही, टीडीएस नाही. म्हणजे क्षारांनी भरलेले, पण नितळ पाणी या चार चाचण्यांत आरामात पास होते.

दुसरी गोष्ट जागेची. विसर्गाचा नमुना बहुधा सेटलिंग पाँडच्या, म्हणजे गाळ बसवायच्या तळ्याच्या, तोंडाशी घेतलेला असतो. ओबीच्या ढिगाऱ्याच्या मागून, पांदणीने, गारलँड ड्रेन (ढिगाऱ्याभोवतीची चर) फुटलेल्या जागेतून नाल्यात उतरणारे पाणी त्या नमुन्यात येतच नाही.

तिसरी वेळेची. पंधरा दिवसांतून एकदा, दिवसा घेतलेला नमुना रात्रीच्या उपशाबद्दल काही सांगत नाही.

म्हणून अहवाल खोटा आहे असा आरोप करू नका. त्याऐवजी लेखी विचारा: कोणत्या जागी, कोणत्या तारखेला, कोणत्या मानकाशी तुलना केली, आणि सल्फेट, टीडीएस, जडपणाचे आकडे कुठे आहेत.

14. हे अहवाल आम्हाला मिळतात कुठे?

2006 च्या ईआयए (पर्यावरणावरील परिणामांचे मूल्यांकन) अधिसूचनेनुसार मंजुरीच्या अटींचा अनुपालन अहवाल दर सहा महिन्यांनी, 1 जून आणि 1 डिसेंबरला द्यायचा असतो आणि तो सार्वजनिक असतो. मंजुरीचे पत्र पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवर खाणीच्या नावाने सापडते. आधी ते पत्र काढा आणि पाण्याच्या अटी वाचा, कारण प्रत्येक खाणीच्या अटी थोड्या वेगळ्या असतात. वर्षाचे पर्यावरण विवरण 30 सप्टेंबरपर्यंत प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे जाते. पाणी उपसण्यासाठी केंद्रीय भूजल प्राधिकरणाची ना-हरकत लागते. त्यातही निरीक्षण बोअर आणि पातळीच्या नोंदींच्या अटी असतात.

मिळाले नाहीत तर माहितीचा अधिकार. सरकारी कंपनीकडे थेट अर्ज करता येतो. खाण खासगी असेल तर महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे किंवा पर्यावरण मंत्रालयाच्या नागपूरच्या प्रादेशिक कार्यालयाकडे करा. उत्तराची मुदत 30 दिवस. ‘पाण्याची सर्व माहिती’ असे मागू नका. ‘अमुक वर्षापासून मे महिन्याची निरीक्षण विहिरींची पातळी, विहिरीच्या ठिकाणासह’ असे मोजके मागा.

15. आत्ता नाल्याला काळे पाणी आले आहे. काय करू?

गुरे पाण्यावर जाऊ देऊ नका आणि खालच्या गावाला फोन करा. मग लगेच दोन स्वच्छ बाटल्या काळ्या पाण्याच्या आणि दोन त्या जागेच्या वरच्या पाण्याच्या भरा. बाटलीवर वेळ आणि जागा लिहा. फोटो असा काढा की नाला आणि ओळखू येणारी खूण, पूल, ढिगारा, पाइपचे तोंड, एकाच चौकटीत येईल. पाण्याला ओघ किती होता, वास होता का, दगडांवर करडी साय बसली का, मासे वर आले का, हे चार ओळींत लिहा. असे पाणी दोन-तीन तासांत वाहून जाते आणि मागे फक्त दगडांच्या सांध्यातली काळी भुकटी उरते. तीही थोडी कागदात बांधून ठेवा.

प्रदूषण नियंत्रण मंडळाला त्याच दिवशी फोन आणि ईमेल करा. चंद्रपूर आणि नागपूरला मंडळाची प्रादेशिक कार्यालये आहेत. तहसीलदारांना प्रत द्या. तलाठी किंवा ग्रामसेवकाला बोलावून पंचनामा करून घ्या. सरपंचाच्या पत्राला एकट्या माणसाच्या तक्रारीपेक्षा लवकर उत्तर मिळते, म्हणून पत्र ग्रामपंचायतीच्या लेटरहेडवर जाऊ द्या.

16. आम्ही घेतलेला नमुना कोर्टात चालतो का?

1974 च्या जल प्रदूषण कायद्याखाली खटल्यासाठी नमुना मंडळाच्या अधिकाऱ्यानेच, कलम 21 च्या पद्धतीने घ्यावा लागतो: कारखानदाराला किंवा त्याच्या प्रतिनिधीला सूचना देऊन, नमुन्याचे दोन भाग करून, सील आणि सह्या करून. तुमची बाटली त्याची जागा घेत नाही.

पण ती निरुपयोगीही नाही. मंडळाला जागेवर यायला भाग पाडणे, कोणत्या जागी आणि कोणत्या वेळी नमुना घ्यावा ते सुचवणे, आणि राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणापुढे हा प्रकार एकदाच घडलेला नाही हे मांडणे, यासाठी ती लागते. आपल्यासाठी न्यायाधिकरणाचे खंडपीठ पुण्याला आहे. पर्यावरणाच्या प्रश्नावर अर्जाची मुदत कारण घडल्यापासून सहा महिने आणि नुकसानभरपाईसाठी पाच वर्षे आहे. म्हणूनही नोंदीवर तारीख हवी. मुदतीबाबत वकिलाला वेळेत विचारा.

17. खाण अजून सुरू व्हायची आहे. आत्तापासून काय तपासायचे?

सगळे, आणि आजपासून. हा प्रश्न ज्या गावांकडून येतो त्यांना मी आधी उत्तर देतो, कारण ही संधी पुन्हा येत नाही. खाणीपूर्वीचा मे आणि नोव्हेंबर हातात असेल तर पुढची वीस वर्षे प्रत्येक वादात तोच पाया राहतो. कंपनीच्या अभ्यासातली पायाभूत माहिती बहुधा पावसाळा सोडून एकाच हंगामाची असते आणि तिच्यात तुमची विहीर असेलच असे नाही.

जनसुनावणीत आपले आकडे लेखी द्या आणि पोच घ्या. तोंडी भाषणाचा सारांश होतो. लेखी निवेदन मात्र कागदपत्रांत तसेच लागते. दोन मागण्या नेमक्या करा: निरीक्षण विहिरींच्या यादीत गावातल्या या-या विहिरी घ्याव्यात, आणि त्यांचे आकडे दर तिमाहीला ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावेत.

18. खाणीचे पाणी ओलितासाठी फुकट मिळते आहे. घ्यावे का?

तपासून घ्यावे. उन्हाळ्यात पाणी मिळणे ही लहान गोष्ट नाही आणि बऱ्याच सम्पचे पाणी पिकाला चालण्यासारखे असते. वाहकता आणि सोडियमचे प्रमाण, म्हणजे एसएआर, पाहा. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या वर्गवारीत सिंचनासाठी वाहकतेची कमाल 2250 मायक्रोसिमेन्स आहे. पण आपली काळी जमीन भारी, तिच्यातून पाण्याचा निचरा मंद. म्हणून 750 च्या पुढे गेले की लगेच सावध व्हा. सोडियम जास्त असेल तर जमीन टणक होते आणि ती परत मऊ करायला वर्षे जातात. संत्र्याला क्षार लवकर लागतात, कापूस बराच सोसतो. दरवर्षी मेमध्ये पाण्याबरोबर मातीचाही नमुना द्या. पिण्यासाठी हे पाणी थेट वापरू नका.

19. आमच्याकडे कोळसा नाही, मँगनीजची खाण आहे. हेच सगळे लागू होते का?

जागा, महिने, नोंदी सगळे तसेच. यादी बदलते. तुमसर, रामटेक, सावनेरच्या मँगनीज पट्ट्यात मँगनीज आणि लोह दर वेळी तपासा. पांढऱ्या कपड्यावर आणि हंड्याच्या आत काळपट डाग ही त्याची घरगुती खूण. गडचिरोलीत एटापल्लीकडे, सुरजागडच्या लोहखनिजाजवळ, पावसाळ्यातला लाल गाळ हा मुख्य विषय आहे. तिथे तरंगता गाळ आणि गढूळपणा जुलै-ऑगस्टमध्ये जास्त वेळा मोजा. कोरपना-राजुऱ्याच्या चुनखडीत पाणी मुळातच जड असते, त्यामुळे तिथे जडपणाने फारसे सिद्ध होत नाही. पातळीकडे जास्त लक्ष द्या.

20. पाणी उकळून किंवा तुरटी फिरवून प्यायले तर?

तुरटीने गढूळपणा बसतो, उकळल्याने जंतू मरतात. सल्फेट, फ्लोराइड, नायट्रेट, धातू तसेच राहतात. उकळून पाणी आटले तर उलट दाट होतात. आरओने हे बऱ्याच अंशी निघतात, पण बाहेर पडणारे खारट पाणी विहिरीजवळ सोडू नका. सल्फेट आणि मॅग्नेशियम दोन्ही जास्त असतील तर पाहुण्यांना जुलाब होतात, गावकऱ्यांना सवय झालेली असते. सवय झाली म्हणून ते पाणी चांगले ठरत नाही.

21. खाण बंद झाली. खड्ड्यात निळेशार पाणी साचले आहे. आता तपासणी थांबवायची का?

थांबवू नका. उपसा थांबला की भूजल हळूहळू वर येते आणि वर येताना परत भरलेल्या ओबीतून जाते. फुटलेला, हवा लागलेला खडक असल्यामुळे त्यातून सल्फेट आणि जडपणा उचलला जातो. म्हणून विहिरी भरल्याच्या आनंदात गुणवत्तेकडे दुर्लक्ष होते, आणि नेमकी तीच वेळ बिघाडाची असते. खाण बंद झाल्यानंतरची पहिली काही वर्षे मे-नोव्हेंबरचा क्रम तसाच चालू ठेवा. पाणी कुठल्या पातळीला येऊन नाल्यात ओसंडणार, तेही आधीच विचारून घ्या.

खड्ड्यातले पाणी नितळ दिसते कारण गाळ तळाशी बसलेला असतो. वरचा थर आणि खालचा थर वेगळा असतो, म्हणून एकच नमुना वरून घेऊन योजना आखू नका. खोलीचा नमुना सुद्धा हवा आणि तो यंत्रणेच्या माणसांकडून, होडीतून घ्यायला लावा. काठ उभे आणि सैल मातीचे असतात, पाय निसटला तर धरायला काही नसते. तुम्ही स्वतः काठावर जाऊ नका, पोरांना पोहायला जाऊ देऊ नका, आणि कुंपण नसेल तर त्याचा अर्ज पाण्याच्या अर्जाच्या आधी द्या.